चंदेरी टिकल्या

कॉटनवुडच्या खोऱ्यात एक नियम सगळे पाळतात. बायको दुसऱ्याबरोबर नाचली तर चालतं, कुत्रं दुसऱ्याच्या दारात जेवलं तर चालतं, पण दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. दुकानातून आणा, नाहीतर स्वतः भरा. भरणारा कितीही देवमाणूस असो, त्याची चूक फुटायची ती तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

या नियमाला एकच अपवाद होता, हालवर स्टेनरूड.

हालवरच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. आत लाकडी ओटा, ओट्यावर दंडा ओढायचा लोखंडी प्रेस, सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा आणि भिंतभर फळ्या. सप्टेंबर लागला, डोंगरात एल्क, म्हणजे घोड्याएवढी सांबरं, ओरडायला लागली, की खोऱ्यातली निम्मी माणसं या शेडच्या दारात येऊन उभी राहायची. हातात कॉफीचा रिकामा डबा, डब्यात झाडलेल्या पुंगळ्या, वर चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव. हालवर पुंगळी प्रेसमध्ये धरायचा आणि दंडा ओढायचा. बुडातली जळकी टिकली, म्हणजे पोरांच्या खेळण्यातल्या पिस्तुलात असते तीच पण धातूची, टप्पकन खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायची. मग पुंगळी घासूनपुसून तिला नवी टिकली बसवायची, वरून तोलून दारू ओतायची, दारूवर शिशाची गोळी दाबायची, की झालं काडतूस. ऐकायला सोपं आहे. ऐकायला सगळंच सोपं असतं.

हालवरचं काडतूस बर्फात भिजू दे, कोटाच्या खिशात वर्षभर विसरू दे, घोडा ओढला की ते वाजायचंच. एल्कसाठीची लांब तीस-सहा, हरणांची दोनशे त्रेचाळीस, अस्वलांच्या भीतीने बाळगायची बोटाएवढी जाड पंचेचाळीस-सत्तर, खुराड्याजवळच्या सापासाठी बायका ठेवतात ती रिव्हॉल्व्हरची अडतीस, सगळी त्याच्याकडूनच भरून जायची. पण सगळ्यांवर त्याचा सारखा विश्वास नव्हता. काडतुसांविषयी तो शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं बोलायचा.

"तीस-सहा सरळ बाई आहे," तो म्हणायचा. "तिच्यात दारू गळ्यापर्यंत येते. चुकून दोनदा ओतली तर सांडून बोंबलते. ओतायची राहिली तर रिकामं पोट दाखवते. अडतीस मात्र हलकट."

हलकट का, तर अडतीसची पुंगळी जुन्या काळची, धुराच्या काळ्या दारूसाठी बनवलेली. ती दारू भरपूर लागायची. आताची चिमूटभर पुरते, आणि ती चिमूट पुंगळीच्या तळाशी अशी दडून बसते की एक चिमूट, दोन चिमटी आणि काहीच नाही, हे तिन्ही वरून सारखंच काळोखं दिसतं. दोन चिमटी पडल्या तर रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. काहीच पडलं नाही तर नुसत्या टिकलीच्या धक्क्याने गोळी बंदुकीच्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि तिच्यामागे तुम्ही दुसरी सोडलीत की नळी फाटते. म्हणून अडतीस भरताना हालवर प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून बघायचा. त्याची दुसरी शिस्त अशी, की ओट्यावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा हवा तर पहिला झाकण लावून फळीवर. आणि टिकल्या कायम एकाच जातीच्या, पितळी रंगाच्या.

हे सगळं त्याने सिग्नेला शिकवलं होतं. सिग्ने त्याची एकुलती एक मुलगी. पन्नाशी ओलांडलेली, शाळेची पिवळी बस चालवणारी, नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर बापाच्या घरी परत आलेली. तिच्या तोंडाला खोरं घाबरून असायचं. बसमध्ये मागे दंगा झाला तर ती नुसती आरशात बघायची.

मे महिन्यात खुराड्याशी शेपटी खुळखुळवणारा साप दिसला. सिग्नेने स्वयंपाकघरातलं अडतीस आणलं, नेम धरला, घोडा ओढला. आवाज झाला नाही. म्हणजे झाला, पण कुणी ओल्या लाकडावर थुंकावं तसा. फुस्स.

तिचं बोट दुसऱ्यांदा घोड्यावर गेलं नाही. बापाने लहानपणी अंगात मुरवलं होतं म्हणून गेलं नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करून तिने नळीतून उजेड बघायचा प्रयत्न केला. उजेड नव्हता. मधोमध गोळी बसली होती. साप आपल्या वाटेने निघून गेला, त्याला काय. सिग्ने खुराड्याच्या पेटीवर बसून राहिली आणि पिंजारलेल्या कोंबड्या तिच्या पायांशी चोचा मारत राहिल्या.

शेडमध्ये जाऊन तिने त्याच डब्यातली उरलेली काडतुसं फोडली. त्यासाठी एक पोकळ प्लास्टिकचा हातोडा असतो. काडतूस त्यात उलटं अडकवायचं आणि ओट्यावर आपटायचं, की गोळी आणि दारू निसटून पोकळीत पडते. बहुतेक ठीक होती. एकात काहीच नव्हतं. एकात दोन चिमटी होत्या.

बापाला ती शहरात डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने हालवरला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. हालवरने इतकं नेटकं घड्याळ काढलं की सेकंदकाटासुद्धा दिला. वयाच्या मानाने छान आहे, डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. घड्याळ काढायला काय लागतं? विजेरी मारायला विसरणारा माणूस घड्याळ काढायला विसरतो असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

तेव्हापासून सिग्नेने चोरून काम सुरू केलं. सकाळी हालवरचा जुना मित्र क्लीट बरिज आपला ट्रक घेऊन यायचा आणि हालवरला रुबीच्या खानावळीत कॉफीला न्यायचा. सिग्नेची बसची फेरी तोवर संपलेली असायची. म्हातारा गेला की ती फळीवरचा एकेक डबा काढायची आणि टक, टक, टक, बापाची काडतुसं फोडायची. निघालेल्या दारूचा भरवसा नाही, म्हणून ती आईच्या गुलाबांच्या वाफ्यात पसरायची. मग विजेरी मारत, काट्यावर तोलत, सगळी नव्याने भरायची आणि त्याच खोक्यांत घालून परत ठेवायची. खोक्यांवर बापाचं अक्षर, वळणदार, तिरपं, जुन्या शाळेतलं.

तीस-सहांमध्ये तिला चूक सापडत नव्हती. त्यांच्यात चूक झाकली जात नाही, म्हणून बापाला ती तिथल्या तिथे दिसायची. अडतीस आणि तिच्याच काळातली पंचेचाळीस-सत्तर मात्र पोटात काय आहे ते सांगत नव्हत्या.

तिला वाटायचं, एवढं आपण पार पाडलं की झालं. कुणाचा हात जाणार नाही, कुणाचा डोळा जाणार नाही आणि म्हातारा मरेपर्यंत या खोऱ्यात ताठ मानेने फिरेल. आईला कबरीत ठेवलं, शेत दुसऱ्याला कसायला दिलं, घोडा विकला, गाडीची किल्ली सिग्नेनेच काढून घेतली. एवढा एक मान त्याच्याकडे उरला होता. तो काढून घेणारी आपण व्हायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी ती फेरी संपवून आली तर हालवर शेडमध्येच होता. कॉफी आज लवकर उरकली, तो म्हणाला. सिग्नेची नजर फळीवर गेली. क्लीटचं अडतीसचं खोकं जागेवर नव्हतं.

"ते का? क्लीट घेऊन गेला," हालवर म्हणाला. "मीच म्हटलं ने, तयार आहे. त्याच्या व्हर्नाला म्हणे साप दिसला."

त्या खोक्याला सिग्नेचा हात अजून लागला नव्हता. ते ज्या दिवशी भरलं, त्याच दिवशीच्या दुसऱ्या खोक्यातून तिने कालच दोन चिमटींचं एक काढलं होतं.

क्लीटचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. बसचं इंजिन अजून गरम होतं.

शाळेची बस पोरांशिवाय पळवली तर तिचा स्क्रू न् स्क्रू बोलायला लागतो. खडीच्या रस्त्यावरून ती पिवळी पेटी धूळ उडवत अशी सुटली की कुंपणापलीकडच्या गाई मान वर करून बघत राहिल्या. सिग्नेच्या डोळ्यांसमोर क्लीटच्या बायकोचे, व्हर्नाचे हात होते, संधिवाताने वाकलेले, नाताळात लेफ्साची पोळी लाटणारे. ते हात अडतीस धरून उभे असतील. बंदूक फुटल्याचा आवाज कसा असतो तेही तिला माहीत नव्हतं, तरी तो तिला तीनदा ऐकू आला.

क्लीट कोठारापाशी ट्रॅक्टरखाली आडवा होता. बस अंगणात शिरलेली बघून तो सरपटत बाहेर आला.

"काय गं, माझं नाव घातलं का शाळेत?"

"खोकं कुठाय?"

"कसलं खोकं?"

"अडतीसचं. बाबाकडून आणलंत ते. व्हर्ना कुठाय?"

क्लीटने हात पुसले. पुसायला त्याला फार वेळ लागला. व्हर्ना बहिणीकडे गेलीय, तो म्हणाला, आणि साप वगैरे काही नाही. मग तो घराकडे चालायला लागला. ती मागे गेली. तळघराच्या पायऱ्या उतरून त्याने दिव्याची दोरी ओढली.

मुरांब्याच्या बरण्यांमागे भिंतीला लागून खोकी होती. एकावर एक, छताच्या तुळईपर्यंत. प्रत्येकावर हालवरचं वळणदार तिरपं अक्षर. अडतीस, तीस-सहा, दोनशे त्रेचाळीस. सगळ्यात वर आज सकाळचं. एकही उघडलेलं नव्हतं.

"दोन वर्षांची आहेत," क्लीट म्हणाला.

सिग्नेने एक खोकं हातात घेतलं. आतली काडतुसं तिने स्वतः भरलेली होती. जूनमध्ये, पाठ दुखत असताना, विजेरी दातांत धरून.

क्लीटने मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी शरदात त्याच्याही अडतीसने फुस्स केलं होतं. त्याचंही बोट थांबलं. त्याने हालवरला सांगितलं नाही, रुबीच्या खानावळीत टेबलावर सांगितलं, हालवर हात धुवायला गेला होता तेवढ्यात. तिथल्या तिथे ठरलं. डबे द्यायचे, खोकी आणायची, आभार मानायचे, आणि झाडायला शहरातल्या दुकानातून विकत आणायचं.

"म्हणजे कोण कोण?" सिग्नेने विचारलं.

"सगळेच."

"सगळे म्हणजे?"

"पाद्रीसुद्धा. तो तर दोन खोकी नेतो, पुण्य म्हणून."

"मला सांगायचंत, क्लीट. मला एकटीला तरी सांगायचंत."

"तू आम्हाला सांगितलंस?" क्लीटचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मेपासून हातोडा आपटतेयस. हालवरला सोडायला आलो की फाटकापर्यंत आवाज येतो. मी त्याला विचारलं हे काय रे म्हाताऱ्या, तर म्हणाला सुतारपक्षी. मी म्हटलं असेल. काय म्हणणार होतो?"

सिग्ने पायऱ्या चढून बाहेर आली. बसमध्ये जाऊन ती चालकाच्या नव्हे, पोरांच्या बाकावर बसली आणि समोरच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून रडली. रडण्यापेक्षा राग जास्त होता. या खोऱ्यातली माणसं चांगली आहेत, असं सगळे म्हणतात. कुणाचं कोठार जळलं तर रविवारी नवं उभं करतात. कुणी मेलं तर आठवडाभर घरात चूल पेटू देत नाहीत. पण माणूस जिवंत असताना त्याच्या डोळ्यांत बघून एक खरं वाक्य बोलायची वेळ आली, की सगळ्यांना ट्रॅक्टरखाली काहीतरी काम निघतं. भेकडपणाला इथे मायाळूपणा म्हणतात, आणि वर त्याबरोबर रानातल्या हकलबेरींची पाई देतात. दोन वर्षं एका माणसाभोवती सगळा गाव नाटक करत होता. आणि आपण काय करत होतो? आपणही तेच. फक्त आपण हातोडा घेऊन.

ती परत आली तेव्हा हालवर प्रेसवर बसला होता. क्लीटने सकाळी दिलेला डबा त्याच्या मांडीशी होता. तो एकेक पुंगळी धरत होता आणि दंडा ओढत होता. टप्प. टप्प. सिग्ने दारात उभी राहिली. पत्र्याच्या डब्यात पडणारी टिकली खिडकीच्या उन्हात चमकली.

चंदेरी.

ती जवळ गेली. डबा काठोकाठ चंदेरी टिकल्यांनी भरलेला होता. दुकानाच्या काडतुसांत असतात तशा. इतके महिने या शेडमध्ये तिने हातोडा आपटला, पण तिची नजर कायम फळीवरच्या खोक्यांवर. पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात कोण बघतं? तिने त्यात हात घातला, मनगटापर्यंत. तळातून मूठ भरून वर काढली. पितळी होत्या, काळवंडलेल्या, जुन्या. खाली पितळ, वर चांदी, आणि मध्ये कुठेतरी तो दिवस, ज्या दिवशी रुबीच्या टेबलावर ठरलं.

"बाबा, तुला माहीत होतं."

हालवरने हातातली पुंगळी बाजूला ठेवली. त्याने तिच्या मुठीकडे बघितलं.

"टिकल्या मी कधी बदलल्या का?" तो म्हणाला. "चाळीस वर्षांत नाही बदलल्या. मग या कुणाच्या? कळतंच की."

"कधीपासून?"

"ते नाही सांगता यायचं. रोज माहीत नसतं. विसरतो. मग डब्यात बोट घातलं की पुन्हा कळतं."

"पुन्हा?"

"पुन्हा म्हणजे," हालवर शब्द शोधत थांबला, "पहिल्यांदाच."

सिग्नेने मूठ उघडली. टिकल्या डब्यात परत पडल्या. तिला ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर कुणी नव्हतं. समोर एक म्हातारा बसला होता, ज्याला तीच बातमी दर काही दिवसांनी नव्याने मिळत होती आणि जो दर वेळी ती एकट्याने पचवत होता.

"आणि सुतारपक्षी?" तिने विचारलं.

हालवर हसला. "दारूचा डबा दुप्पट वेगाने संपतोय, पोरी. मी काय पितो ती? आणि तुझ्या आईचे गुलाब यंदा बघ कसे माजलेत. तिच्या हयातीत असे नव्हते."

"मग बंद का नाही केलंस?"

"बंद केलं तर ते कशाला येतील?" त्याने साधेपणाने विचारलं. "डबा घेऊन येतात. बसतात. पाऊसपाणी, एल्क कुठे उतरलेत, कुणाची गाय व्यायली. डब्याचं निमित्त आहे म्हणून. नुसतं मला बघायला कोण येतंय? त्यांनाही वाटतं म्हाताऱ्याला कळत नाही. बरंच वाटत असेल त्यांना. वाटू दे."

बाहेर गाई हंबरत होत्या. हालवर उठला, खुंटीवरची रायफल काढली आणि ओट्यावरून एक काडतूस उचललं. लांब, निमुळतं, पुसून लख्ख केलेलं.

"ही तीस-सहा. आज सकाळी भरली. हिच्यात लपवायला जागा नाही, तुला माहीतच आहे." त्याने ते काडतूस तिच्यापुढे धरलं. "एक झाड. दुसरं काही नको. कुणीतरी एक झाडावी माझी."

शेडमागे मातीचा उंचवटा आहे. सिग्ने तिथेच नेम धरायला शिकली, याच रायफलीवर, हाच माणूस मागे उभा असताना. ती बाहेर आली. बोल्ट, म्हणजे काडतुसाच्या घराची कडी, मागे ओढला, काडतूस आत सरकवलं, बोल्ट मिटला. दस्ता खांद्याला लावला. गाल लाकडावर टेकला. लाकूड थंड होतं आणि त्याला बापाच्या हाताचा, तेलाचा वास होता.

झाडावी, तिने ठरवलं. तीस-सहा सरळ आहे. दारू जास्त असती तर सांडली असती. आणि हे एक झाडलं तर दोन वर्षांचं सगळं फिटेल. त्याचंही आणि आपलंही.

तिने श्वास सोडला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून उघड्या दारातून आत बघितलं.

ओट्यावर दारूचे दोन डबे होते. दोन्ही उघडे. एक रायफलीच्या सावकाश जळणाऱ्या दारूचा, दुसरा रिव्हॉल्व्हरच्या झटक्यात भडकणाऱ्या दारूचा. त्या दुसऱ्या दारूने तीस-सहा भरली तर ती सांडत नाही, बोंबलत नाही, काही दाखवत नाही. पोट तेवढंच भरलेलं दिसतं. सरळ बाई सरळ उभी राहते आणि तोंडावर फुटते. किती भरलंय ते तीस-सहा सांगते. काय भरलंय ते सांगत नाही.

सिग्नेचं बोट घोड्यावर होतं. ते तिथेच राहिलं. मागे बापाचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरता. तो घाई करत नव्हता. नेम धरणाऱ्याला घाई करायची नसते, तेही त्यानेच शिकवलेलं.

तिने बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून गवतात पडलं.

"नाही जमणार, बाबा."

हालवर वाकला. वाकायला त्याला त्रास झाला, पण तिने मदत केली नाही. त्याने गवतातून काडतूस उचललं, विजारीला पुसलं आणि तळहातावर घेऊन उलटसुलट फिरवून बघितलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मीपण झाडली नसती. कुणाच्या हातची आहे कुणास ठाऊक."

त्या दुपारी तो झोपला तेव्हा सिग्नेने क्लीटला फोन केला. तिने त्याला आधी भरपूर शिव्या घातल्या, ज्या त्याने शांतपणे ऐकून घेतल्या. मग ती म्हणाली की डबे घेऊन येत राहा. सगळ्यांना सांग. बसा, बोला, खोकी न्या, तळघरात रचा. फक्त पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसा, अर्ध्या कपात उठू नका. क्लीट बरं म्हणाला आणि नाक ओढलं. तिने फोन ठेवून दिला. त्याचं रडणं ऐकायची तिची तयारी नव्हती.

हालवरच्या रायफलीचा बोल्ट तिने काढून बसच्या हत्यारपेटीत ठेवला. अडतीस आधीच तिच्याकडे होतं. आता हातोड्याची गरज नव्हती. कुणी झाडणारच नव्हतं, मग एक चिमूट काय आणि दोन काय.

मग ती पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन ओट्याशी बसली. चंदेरी टिकल्या ओंजळीने वेचून तिने एका पिशवीत भरल्या. कॉटनवुडच्या चांगल्या माणसांना सकाळी तिने मनात जे जे म्हटलं होतं, ते सगळं तिला शब्दाशब्दाने आठवत होतं, आणि हात चालूच होते. शेवटची चंदेरी टिकली निघाली तेव्हा डब्यात तळाशी थोडंसं पितळ उरलं. ते फार कमी दिसत होतं. म्हणून तिने स्वतःच्या नव्या पितळी टिकल्यांचं पाकीट आणलं, अंगणात दगडावर ठेचून, चुलीतल्या राखेत घोळवून, जळक्यासारख्या काळ्या करून त्या उरलेल्या पितळावर ओतल्या. पिशवी ओढ्यात रिकामी केली. पाण्यात त्या थोडा वेळ चमकल्या.

पुंगळ्यांतून टिकल्या पाडायचं काम आता माझं, तिने हालवरला संध्याकाळी सांगितलं, तुझा खांदा दुखतो. खांदा दुखत नव्हता, पण त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी क्लीट त्याला सोडायला आला तो आत येऊन बसला. त्याच्या मागे पाद्री आला, मग रुबीसुद्धा, पाई घेऊन. शेडमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. सगळे जरा मोठ्याने बोलत होते आणि जरा जास्त हसत होते. एल्क वरच्या कड्याला उतरलेत, असं पाद्री सांगत होता. सिग्ने दाराशी हाताची घडी घालून उभी होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

ते गेल्यावर हालवर प्रेसपाशी बसला. सवयीने त्याने पायाशी हात नेला, डबा उचलून मांडीवर घेतला आणि बोटाने ढवळला. बोट तळापर्यंत गेलं, वर आलं. बोटाला राख लागली होती. त्याने ती अंगठ्याने चोळून बघितली.

"सगळी पितळ," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की तिला तो बघवेना. "सगळे माझीच झाडतायत."

"हो, बाबा."

"तूसुद्धा?"

ओट्यावर दारूचे दोन्ही डबे पुन्हा उघडे होते. तिने एकाला झाकण लावलं आणि तो फळीवर ठेवला.

"मीसुद्धा," सिग्ने म्हणाली. "मी तुझीच झाडते."